मिठाचा उजेड

१९५५ सालच्या आमच्या गॅदरिंगला ‘एकच प्याला’ करायचं ठरलं, तेव्हा पहिली अडचण प्याल्याचीच आली. मुंबई राज्यात कडक दारूबंदी. सुधाकरासाठी दारूची रिकामी बाटली मिळवायची कुठून? जुन्या बाजारात विचारलं, तर दुकानदारानं आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग आमच्या वडिलांचं नाव विचारलं. शेवटी दवाखान्यातली औषधाची बाटली आणून तीत कोकमाचं सरबत भरलं. तिच्यावरची डोसाच्या खुणांची कागदी पट्टी मात्र निघता निघेना. त्यामुळे आमचा सुधाकर व्यसनापायी रसातळाला गेला तो दिवसातून तीनदा, जेवणानंतर.

गडकऱ्यांचं हे नाटक १९१९ साली त्यांच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांची सिंधू पाहिलेली मंडळी पुण्यात पेठेगणिक होती, आणि पासाशिवाय पहिल्या रांगेत बसणारीही तीच. गाणारं कुणी नसल्यानं पदं गाळली. आमच्या सिंधूला घरून परवानगी मिळाली, पण थोरल्या भावासकट. तो रोज तालमीला येऊन भिंतीला टेकून बसे. बसलाच आहे तर म्हणून त्याला प्रॉम्प्टर केला. काम चोख करायचा. फक्त सुधाकर सिंधूच्या जवळ सरकला की त्याचा घसा बसायचा.

मला आवाज नव्हता, उंची नव्हती, पाठांतर तर नव्हतंच. म्हणून प्रकाशयोजना माझ्याकडे आली. विकतचा डिमर आमच्या ऐपतीबाहेरचा. तेव्हा हौशी मंडळी मिठाच्या पाण्याचा वापरत. भांड्यात मिठाचं पाणी, तळाशी एक धातूची पट्टी, दुसरी वरून दोरीनं सोडलेली. वरची पट्टी खाली गेली की रंगमंच उजळतो, वर ओढली की अंधारतो. भांडं चिनी मातीचं हवं. मी जेवायला जायचो त्या खानावळीतल्या मावशींची लोणच्याची बरणी माळ्यावर पालथी पडली होती. ती मी उचलली. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर दिली नसती. वायरमननं मूठभर मीठ घातलं आणि बजावलं, “पाण्यात बोट घालशील तर पुढच्या गॅदरिंगला तुझ्या फोटोला हार.”

पहिले तीन अंक मी उजेडाचा राजा होतो. पण या डिमरची एक खोड असते, वीज खेळून खेळून पाणी तापतं. चौथ्या अंकात बरणीतून वाफा निघू लागल्या. मी विंगेत घामाघूम, हातात दोरी. आणि वर्षानुवर्षं त्या मातीत मुरलेली हिंग-मोहरी जागी झाली. समोर सिंधूच्या घरात अन्नान्नदशा, पोर भुकेनं व्याकूळ, आणि सगळ्या रंगमंचावर कैरीच्या लोणच्याचा खमंग दरवळ! पहिल्या रांगेतले एक आजोबा मोठ्यानं म्हणाले, “एवढं लोणचं आहे तर रडते कशाला?”

सिंधूच्या मृत्यूच्या वेळी उजेड हळूहळू विझायचा होता. पण पाणी उकळायला लागल्यामुळे तो लुकलुकू लागला. सिंधू डोळे मिटायची, उजेड वाढायचा. तीनदा गेली बिचारी. शेवटी मी दोरी सरळ वर ओढली. काळोखात प्रॉम्प्टरचा समाधानाचा सुस्कारा सगळ्यांना ऐकू आला.

मावशींना मीच पास दिला होता. पहिल्या तीन अंकांत त्यांनी पदर भिजवला, असं शेजारी बसलेले सांगत होते. चौथ्यात त्यांनी डोळे पुसले, नाक वर केलं आणि दोनदा हुंगलं.

दुसऱ्या दिवशी पाठीमागच्या दारानं बरणी परत ठेवायला गेलो, तर मावशी दारातच. त्यांनी झाकण काढलं, आत वाकून पाहिलं. कडेनं मिठाचा पांढरा थर जमला होता.

“मीठ घातलंस ते बरं केलंस,” त्या म्हणाल्या. “आता बरणी घासून दे आणि मंडईतून शंभर लिंबं घेऊन ये. पातळ सालीची.”