जु.वा.किं.अं.

माझं गुन्हेगारीचं सगळं शिक्षण परदेशी मालिकांवर झालंय. रात्री दीड-दीडपर्यंत जागून मी ‘होमिसाइड’, ‘फेलनी’, ‘परजरी’, ‘अ‍ॅलिबाय’ असले शब्द कमावले. सोसायटीत कुणाची कुंडी फुटली तरी ‘प्राइम सस्पेक्ट’ कोण, ते न विचारता मी सांगत असे. त्यामुळे जिन्याखालून माझी गिअरची सायकल गेली तेव्हा दुःखाच्या जोडीला थोडा उत्साहही होता.

पोलीस ठाण्यात बायकोही बरोबर आली. ठाणे अंमलदारांसमोर मी छाती काढून म्हणालो, “रॉबरी झालीय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “मारहाण केली?”

“नाही.”

“चाकू दाखवला? धमकी?”

“मी झोपलो होतो.”

“मग साधी चोरी. मारहाण, धाकदपटशा असला की जबरी चोरी. आणि तसं करणारे पाच किंवा जास्त असले तर दरोडा. किती जण होते?”

एका सायकलीला पाच जण लावून घ्यायचा मोह मी आवरला. ‘बर्गलरी’ हा शब्द जिभेवर होता, पण जिन्याखालची जागा घरात धरायची की नाही, यावर वाद घालण्याइतकी छाती आता उरली नव्हती.

“किंमत?”

इथे थोडी कौटुंबिक पार्श्वभूमी सांगायला हवी. सायकल १४,००० रुपयांची होती. घरी मी ४,५०० सांगितले होते, तेही ‘ओळखीत मिळाली’ अशा थाटात. ही बाकावरून तत्परतेने म्हणाली, “साडेचार हजार. मला तेही जास्तच वाटले होते.”

अंमलदारांचा चेहरा उजळला. “मग एनसी. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आलेत. पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र.”

एनसी म्हणजे तक्रारीची नोंद होते, पोच मिळते, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणजे खरं बोललो तर घरी खटला, नाही बोललो तर सायकलीवर पाणी. ही पाणी प्यायला कूलरकडे गेली तेवढ्यात मी टेबलावर वाकलो. “साहेब, चौदा हजारांची आहे. मोबाइलवर बिल आहे. पण जरा हळू.”

त्यांनी बिल पाहिलं, मग कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुधा तेही संसारी असावेत. एक अक्षर न बोलता त्यांनी टायपिंग सुरू केलं.

पण लिहून घेतलेली फिर्याद फिर्यादीला वाचून दाखवायची, असं कायद्यातच आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३. माझ्या एकाही मालिकेत हे नव्हतं. अंमलदारांनी खड्या आवाजात सुरुवात केली, “...जिन्याखाली लावलेली निळ्या रंगाची गिअरची सायकल, जु.वा.किं.अं. बारा हजार रुपये, ही कोणीतरी अज्ञात इसमाने माझे संमतीशिवाय लबाडीने चोरून नेली...”

“जु.वा.किं.अं. म्हणजे?” हिने विचारलं.

“जुनी वापरती, किंमत अंदाजे,” ते वाचनाच्या ओघात बोलून गेले. “नवी चौदाची होती ना!”

लॉकअपमधला एक जण उठून गजांपाशी येऊन उभा राहिला.

“चारसोबीस आहेत हे,” ही म्हणाली.

“वहिनी, ४२० आता जुनं झालं. फसवणुकीला हल्ली ३१८.”

मी मुकाट्याने सही केली. अमेरिकेत १९६६ सालच्या एका निकालापासून, आरोपीची चौकशी करण्याआधी त्याला गप्प राहण्याचा हक्क सांगावा लागतो. परतीच्या रिक्षात मी तो न सांगताच बजावला, तर हिने तो कबुलीजबाब धरला. मग हेडफोनची किंमत निघाली, मग बुटांची. उलटतपासणी घरी पोचेपर्यंत चालली आणि जामिनाचा विषयच निघाला नाही.

सायकल अजून सापडलेली नाही. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. माझी हिच्याकडे असते.