शाळेजवळचा दीड गुंठा

नांदूरघाटात मे महिन्यात दोनच विषय चालतात. पाऊस कधी येणार, आणि लेकरू कुठं टाकायचं. पहिल्यावर पारावर सगळे बोलतात, कारण त्यात कुणाच्याच हातात काही नसतं. दुसऱ्याचा निर्णय घरातल्या बाईने पाडव्यालाच घेतलेला असतो. पुरुषांची चर्चा त्याला नुसता मान देण्यापुरती.

गावात शाळा नाही असं नाही. पण गुरुजींचं घर तालुक्याला असलं की गावाला जे कळायचं ते कळतं. मग नकाशा उघडतो. केज जवळचं, म्हणून त्याला फारशी किंमत नाही. बीड जिल्ह्याचं ठिकाण. तिथं कोर्ट, कचेरी, दवाखाना एका फेरीत उरकतो, म्हणून शाळाही तिथलीच बरी असा एक हिशोब. अंबाजोगाईचा तोरा वेगळा. मुकुंदराजांचं गाव, दासोपंतांची लांबलचक पासोडी तिथली, स्वामी रामानंद तीर्थांनी योगेश्वरीच्या शाळेत काम केलेलं, आणि त्यांच्याच नावाचं मेडिकल कॉलेज. एवढ्या लांब कापडावर ग्रंथ लिहिणाऱ्या माणसाच्या गावात आपल्या पोराने निदान दोनशे पानी वही तरी भरावी, अशी अपेक्षा वावगी नाही.

पण शेवटी बोट थांबतं ते लातूरवर. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली निघालं, डॉ. जनार्दन वाघमारे पहिले प्राचार्य. शाहू आणि दयानंद या दोन कॉलेजांच्या पोरांनी पुढे बोर्डाच्या गुणवत्ता याद्या अशा भरल्या की ‘लातूर पॅटर्न’ हे नाव महाराष्ट्रभर झालं. त्यात जादू काही नव्हती. जादा तास, सरावाचा पेपर, पुन्हा पेपर, चुकलं ते पुन्हा. शेतकऱ्याला हे लगेच पटलं. नांगरट, मोगडा, पाळी, पुन्हा पाळी हेच तर तो रानात करतो. आता गुणवत्ता यादी गेली आणि ‘नीट’ परीक्षा आली, पण पॅटर्न तोच आणि शिकवण्यांच्या गल्लीतली गर्दीही तीच.

पूर्वी यासाठी जागा घ्यावी लागत नव्हती, खोली करावी लागायची. दहा बाय दहाची खोली, दोन-तीन नातवंडं आणि त्यांच्यावर एक आजी. मराठवाड्याच्या शिक्षणाचा इतिहास कुणी लिहिला तर त्यात संस्थाचालकांचे फोटो असतील. स्टोव्हला पिन मारत बसलेल्या या आज्यांचा एकही नसेल. आयुष्यभर गावची वेस न ओलांडलेली बाई सत्तराव्या वर्षी फिजिक्सचा क्लास किती वाजता सुटतो हे सांगायची. ज्याच्या घरी आजी नसे, त्या पोराचा डबा एस.टी.ने जायचा. तीन ताळी डबा, वर जुन्या लुगड्याच्या फडक्याची गाठ, बुडाला ऑइलपेंटने आडनाव. कंडक्टरला ओळख द्यायची, तो बॉनेटजवळ ठेवायचा, स्टँडवर पोरगं उभंच. कधी डबा बदलायचा. पाटलाच्या पोराला पिठलं मिळायचं आणि भलत्याच कुणाच्या तरी नशिबी पुरणपोळी यायची. तक्रार करायला परत गावाला कळवावं लागे, तोवर पोळी पचलेली.

आता मात्र खोली चालत नाही, प्लॉट लागतो. आमच्या चुलतभावाला तो लातूरला घ्यायचा होता आणि ‘बघायला चार डोळे असावेत’ म्हणून मला न्यायचं होतं. सोबत वहिनी, आणि बप्पा, म्हणजे माझे थोरले चुलते, कारण पैसा त्यांच्या रानातून निघणार होता.

प्लॉटिंगची स्कीम लांबूनच ओळखू येते. कालपर्यंत तूर असलेल्या वावरात मुरमाचे रस्ते, चुना मारलेले दगड, रंगीत झेंडे आणि एक कमान. कमान पक्की असते; बाकी सगळं व्हायचं असतं. एजंट पांढऱ्या कपड्यात. त्याच्या तोंडी ‘पाच मिनिटं’ हे अंतराचं एकमेव माप. शाळा पाच मिनिटं, स्टँड पाच मिनिटं, दवाखाना पाच मिनिटं. नकाशात ‘ओपन स्पेस’ म्हणून हिरवा चौकोन होता. तिथं आधीच एका देवाची प्रतिष्ठापना झालेली. “शाळा कुठाय?” वहिनींनी विचारलं. एजंटनं क्षितिजाकडं हात केला. “ती काय ताई, ती पिवळी भिंत.” पिवळी भिंत जिनिंगची निघाली.

शाळेजवळ राहण्याला कायद्यानेही भाव आणला आहे. शिक्षणहक्काच्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं. एक किलोमीटरच्या आतल्यांना आधी संधी, मग तीन किलोमीटरपर्यंतच्यांना, आणि वर सोडत. तो तांबडा फुगा ओढत ओढत शाळेच्या फाटकापाशी नेणारे पालक नेट कॅफेत बघावेत. देवाच्या गाभाऱ्यात नारळ सरकवताना माणूस इतका हळुवार होत नाही. आमच्या भावाने विचारलं, “प्लॉट घेतला तर फुगा इथं लागंल का?” एजंट म्हणाला, “घर बांधल्यावर.” मग जरा विचार करून, “पाच मिनिटांत बांधून होतं.”

तिकडे बीडकडच्या प्लॉटांना आणखी एक आधार होता: रेल्वे. अहिल्यानगर-बीड-परळी मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि त्यानंतर तीस वर्षं येणाऱ्या रेल्वेच्या जोरावर जमिनी विकल्या गेल्या. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला खरंच गाडी आली. एजंटांची अडचण झाली असेल. येणाऱ्या गाडीची जाहिरात करता येते. आलेल्या गाडीचं वेळापत्रक लोक विचारतात.

बप्पा हे सगळं ऐकत उभे होते. पायाने मुरूम उकरून त्यांनी खालची माती चिमटीत घेतली, चोळली आणि म्हणाले, “काळी हाय. तुरीला चांगली व्हती.” मग भाव विचारला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. शाळेजवळच्या दीड गुंठ्यासाठी गावाकडचं किती रान मोडावं लागतं हा आकडा त्यांनी मनातल्या मनात काढला आणि तो काही आम्हाला सांगितला नाही. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून सरकारने १९४७ मध्ये कायदा केला. त्या कायद्याची खरी अंमलबजावणी बप्पांच्याच तोंडावर दिसत होती.

त्यांचा पुढचा प्रश्न पाण्याचा. लातूरला पाणी कुठून? “मांजरा धरणातून, काका.” म्हणजे धनेगावचं, म्हणजे आमच्याच केज तालुक्यातलं. २०१६ मध्ये ते धरण आटलं तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. “आधी आमचं पाणी नेलं,” बप्पा म्हणाले, “आता त्याच्यामागं लेकरंबी.” राग नव्हता त्यात. नोंद होती.

हे सगळं बोलताना एक लाज मात्र वाटते. ही निवड करायला मिळणं हीच आमच्याकडं श्रीमंती आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास याच तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. लेकरू सोबत न्यायचं की म्हाताऱ्यांपाशी, हंगामी वसतिगृहाच्या भरवशावर ठेवायचं, एवढाच काय तो पर्याय. त्यांना कुणी पूर्वमुखी प्लॉट दाखवत नाही. ज्या फडात कोपी पडेल तो त्यांचा परिसर.

तर, प्लॉट घेतला. इसार, साठेखत, खरेदीखत, फेरफार. घर बांधायचं ठरलं तोवर पोरं दहावीला आली, भाड्याच्या खोलीतूनच शिकली, आणि पुण्याला गेली. दीड गुंठ्यावर वेडी बाभूळ आली. ती तोडायला भाऊ वर्षातून एकदा कुऱ्हाड घेऊन लातूरला जातो. शेवटी शेतीच ती.

यंदा थोरल्या पोराने पुण्यात फ्लॅट घेतला, सातव्या मजल्यावर. त्याचं लेकरू आता शाळेच्या वयाला आलंय, आणि शाळा बघूनच एरिया निवडलेला. बप्पांना फोनवर व्हिडिओत घर दाखवलं. हॉल, किचन, बाल्कनी. बप्पा म्हणाले, “जमीन दाव.”

“जमिनीत हिस्सा असतो बप्पा, समद्यांचा मिळून.”

“मग सातबारा कुणाच्या नावावर?”

“अजून बिल्डरच्याच. सोसायटीच्या नावावर व्हायचाय.”

निजामाचं राज्य, पोलीस ॲक्शन आणि १९५० चा कूळकायदा बघितलेला माणूस थोडा वेळ गप्प बसला. “म्हंजी,” तो म्हणाला, “एवढं शिकून तू कूळच झालास व्हय रं.”

मग बप्पांनी शाळेची फी विचारली, आणि नातवाच्या फोनची रेंज गेली.