चाळिसावा थेंब

रॉकेलचा चौकोनी डबा ज्यांनी वापरला आहे, त्यांना त्याचं मोल वेगळं सांगायला नको. आतलं तेल संपलं की डब्याचा संसार सुरू व्हायचा. वरचा पत्रा कापून आडवी दांडी ठोकली की पाण्याला झाला, झाकण बसवलं की धान्याला झाला, माती भरली की तुळशीला झाला. अगदीच गळायला लागला की कापून सपाट करायचा आणि कुडाला ठोकायचा. या डब्याच्या थोरल्या भावंडांची एक गोष्ट आहे. १८७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या एका कारखान्यात परदेशी पाठवायच्या पाच गॅलनच्या डब्यांची झाकणं यंत्रावर झाळली जात होती, आणि मालक शेजारी उभा राहून शिसं-कथलाचे थेंब मोजत होता. एका डब्याला ४० थेंब. “३८ मध्ये भागवून पाहिलंय का कधी?” मालकाने विचारलं. पाहिलं. ३८ ला काही डबे गळले. ३९ ला एकही गळेना. ठरलं, यापुढे ३९. वाचलेल्या त्या चाळिसाव्या थेंबाचे पहिल्याच वर्षी २,५०० डॉलर झाले, हे जॉन डी. रॉकफेलरने उतारवयात, जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणना होत असताना, आपल्या आठवणींत नमूद करून ठेवलं. अशा माणसाला आपल्याकडे घरचे चिकट म्हणतात आणि बाहेरचे शेठ.

हिशेबाची ही बाधा जुनी. २६ सप्टेंबर १८५५ ला, सोळाव्या वर्षी, क्लीव्हलंडच्या एका पेढीत त्याला हिशेबनिसाच्या हाताखाली नोकरी मिळाली. पुढे आयुष्यभर तो दिवस त्याने सणासारखा पाळला. १० सेंटांची एक वही आणली आणि तीत पै न पै टिपायला लागला. गंमत म्हणजे त्या वहीत कपड्याच्या आणि खोलीभाड्याच्या खर्चाशेजारी पहिल्यापासून दानही आहे: चर्चला काही सेंट, गरिबांना काही सेंट. १८५९ मध्ये एका कृष्णवर्णीय माणसाला आपल्या बायकोला गुलामीतून विकत सोडवता यावं म्हणून दिलेली रक्कमही आहे. स्वतःची मिळकत बेताची असताना हे चाललं होतं. तेव्हा ‘आधी लुटलं, मग पश्चात्ताप होऊन वाटलं’ ही सोयीची गोष्ट या माणसाला लागू पडत नाही. त्याचं घेणं आणि देणं बरोबरीने वाढलं.

आई कडक बाप्टिस्ट आणि देवभोळी. वडील गावोगाव फिरून कॅन्सरवरची औषधं विकणारे. त्यांनी नाव बदलून दुसरा संसारही थाटला होता. ते पोरांना व्याजाने पैसे देत आणि मनात येईल तेव्हा अचानक परत मागत. व्यवहार कळावा म्हणून म्हणे! एका घरात इतकं परस्परविरोधी शिक्षण मिळाल्यावर मुलगा एक तर साधू व्हायचा, नाहीतर स्टँडर्ड ऑइल काढायचा. त्याने १८७० मध्ये दुसरा मार्ग धरला.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. रेल्वे कंपन्यांशी गुपचूप करार करून भाड्यात सूट, आणि कहर म्हणजे प्रतिस्पर्ध्यांनी भरलेल्या भाड्यातही आपला वाटा. अमेरिकेतलं सुमारे ९० टक्के तेलशुद्धीकरण एका मुठीत. पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या तेलवाल्याची मुलगी, आयडा टार्बेल, १९०२ पासून मासिकात लेखमाला लिहून हे सगळं चव्हाट्यावर आणते. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालय कंपनीचे ३४ तुकडे करतं, आणि तुकड्यांचे शेअर असे काही वधारतात की रॉकफेलर आधीपेक्षा कितीतरी श्रीमंत होतो. अशी शिक्षा मिळणार असेल तर गुन्हेगारांची रांग लागेल.

घरात मात्र वेगळंच राज्य. चार मुलांना चार तीनचाकी सायकली घेणं सहज शक्य असताना त्यांची आई म्हणाली, एकच घेऊ, वाटून घ्यायला शिकतील. माशा मारायला, पेन्सिलींना टोक काढायला मुलांना मोजून मोबदला. धाकटा जॉन तीन बहिणींच्या पाठचा, तो आठ वर्षांचा होईपर्यंत त्यांचे उतरलेले फ्रॉक घालून वाढला. त्यानेही पुढे स्वतःच्या मुलांना खाऊच्या पैशांचा हिशेब लिहायला लावला आणि नोंद चुकली की दंड बसवला. हा जॉन म्हणजे न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटर बांधणारा आणि १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांना जागेसाठी ८५ लाख डॉलर देणारा. इतकं देऊनही या माणसाला आपण कुणाला कमी तर दिलं नाही ना, याचा घोर लागून राहायचा म्हणतात. मला तो फ्रॉकचा परिणाम वाटतो.

थोरल्या रॉकफेलरच्या दानाला वळण लावलं ते फ्रेडरिक गेट्स या बाप्टिस्ट पाद्र्याने. मदत मागणारी पत्रं पोत्यांनी येत आणि मालक जेवताना, प्रवासातही ती वाचत बसे. गेट्सने त्याला किरकोळ दान सोडून घाऊक दान शिकवलं. शिकागो विद्यापीठ, १९०१ मधली वैद्यकीय संशोधन संस्था, १९०९ मध्ये दक्षिणेतल्या अनवाणी माणसांच्या पोटातल्या अंकुशकृमीविरुद्ध १० लाख डॉलर, १९१३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन. याच फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत पीतज्वराची लस तयार झाली आणि मॅक्स थायलरना १९५१ चं नोबेल मिळालं.

पण मला सर्वांत आवडतो तो १९०५ चा तमाशा. बॉस्टनच्या ‘अमेरिकन बोर्ड’ या मिशनरी संस्थेला रॉकफेलरने एक लाख डॉलर दिले. संस्था आपल्या ओळखीची. मुंबईत १८१३ पासून आणि नगरला १८३१ पासून काम करणारं, ‘ज्ञानोदय’ काढणारं अमेरिकन मराठी मिशन तिचंच. त्या सुमारास रेव्हरंड टिळक नगरला याच मिशनमध्ये होते. देणगीची बातमी फुटताच वॉशिंग्टन ग्लॅडन नावाचे नामवंत धर्मोपदेशक कडाडले: हा कलंकित पैसा, परत करा! वर्तमानपत्रांत रणधुमाळी माजली. आगंतुक दानशूराने आपला पैसा देवाच्या गळ्यात बांधला, असं सगळे धरून चालले होते. बोर्डही काही दिवस गप्प राहिलं. शेवटी रॉकफेलरच्या माणसांनी कान धरल्यावर कबुली आली: पैसे त्यांनी आपणहून दिले नव्हते, आम्हीच चिकाटीने मागितले होते. परत करण्याचा विषय तिथेच निकालात निघाला. ज्यांनी कधी संस्थेची वर्गणी गोळा केली आहे, त्यांना बोर्डाच्या चिटणीसांचे ते गप्प राहण्याचे दिवस नीट कळतील.

हसता येत नाही अशीही एक नोंद आहे. २० एप्रिल १९१४. कोलोरॅडोत लडलो इथे, रॉकफेलरांचा ताबा असलेल्या खाणकंपनीतल्या संपकऱ्यांच्या तंबूंवर सशस्त्र रक्षकदलाने हल्ला केला. तंबू पेटले आणि त्यांखालच्या खड्ड्यात लपलेली ११ मुलं आणि दोन बायका गेल्या. अंकुशकृमीपासून वाचवलेल्या मुलांची संख्या त्यांच्यापुढे कितीही मोठी मांडली, तरी ही ११ त्यातून वजा होत नाहीत. उलट, लडलोमुळे पीतज्वराची लस कमी गुणकारी होते असंही नाही. जमाखर्च एका वहीत असला तरी इथे शिल्लक काढता येत नाही, आणि ती काढायला आपल्याला कुणी नेमलेलंही नाही. म्हातारा मात्र पुढे गोल्फ खेळता खेळता मोठ्यांना १० सेंटांचं आणि पोरांना ५ सेंटांचं नाणं वाटत ९७ वर्षांचा होऊन गेला. टायरसम्राट हार्वे फायरस्टोनलाही त्याने नाणं दिलं.

वहीची पानं आपल्यापर्यंतही आली आहेत. १९५२ मध्ये पुण्यात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने रॉकफेलर फाउंडेशनच्या साथीने विषाणू संशोधन केंद्र काढलं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था ती हीच, करोनाच्या काळात जिचं नाव घरोघरी झालं. चेंबूरजवळच्या माहुलची तेलशुद्धीकरणशाळा, आता हिंदुस्थान पेट्रोलियमची, ती मुळात स्टँडर्ड ऑइलच्याच तुकड्यांनी उभारलेली. मुंबईला धूर आणि पुण्याला सूक्ष्मदर्शक, ही वाटणी बाकी पुणेकरांना मान्य होण्यासारखी आहे. आणि मॅगसेसे पुरस्कार १९५७ मध्ये सुरू झाला तो रॉकफेलर ब्रदर्स फंडाच्या पैशांतून. १९५८ मध्ये, पहिल्याच वर्षी, तो मिळालेल्यांत विनोबा होते. ज्याने आयुष्यभर मिळवलं त्याच्या नातवंडांनी, ज्याने आयुष्यभर जमीन मागून वाटून टाकली त्याचा गौरव करावा, हे ठीकच झालं.

मार्च २०१६ मध्ये रॉकफेलर फॅमिली फंडाने कोळसा-तेलातली गुंतवणूक काढून घेण्याचं आणि एक्सॉनमोबिलचे शेअर विकण्याचं जाहीर केलं. एक्सॉनमोबिल म्हणजे आजोबांच्या कंपनीचेच दोन तुकडे पुन्हा जोडलेले. कंपनीने उत्तर दिलं की यात नवल नाही, हे लोक आमच्याविरुद्धच्या कटाला आधीपासूनच पैसे पुरवताहेत. आजोबा असते तर त्यांनी दोन्ही बाजूंचं शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि कटाची पावती मागितली असती.