घोडा पाहिला, स्वार राहिला

मुंबईत एक राजपुत्र घोड्यावर बसून ऐंशीहून अधिक वर्षं उभे होते. तेच पुढे सातवे एडवर्ड म्हणून इंग्लंडच्या गादीवर आले. १८७५ साली ते मुंबईला येऊन गेले, त्याची आठवण राहावी म्हणून आल्बर्ट ससून यांनी त्यांचा अश्वारूढ पुतळा शहराला भेट दिला. शिल्पकार बोम, थेट लंडनचे. इतकी हौस, इतका खर्च, आणि मुंबईकरांनी पाहिलं काय? घोडा. पुतळ्याचं आणि चौकाचं नाव पडलं काळा घोडा. राजपुत्रांची चौकशीही कुणी केली नाही. १९६५ साली पुतळा उचलून राणीच्या बागेत नेला, तरी नाव जागचं हललं नाही. शेवटी २०१७ मध्ये तिथे नवा घोडा आणून बसवला. तोही काळाच. या वेळी मात्र शहाणपण करून स्वाराचा खर्च वाचवला.

मुंबईची सगळी कलारसिकता मला या हकिकतीत सापडते. दाखवणाऱ्याला एक दाखवायचं असतं, बघणारा दुसरंच बघतो. आणि बऱ्याचदा बघणाऱ्याचंच बरोबर निघतं.

याचा पडताळा घ्यायचा तर जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा महोत्सवाला जावं. १९९९ पासून हा नऊ दिवसांचा मेळा भरतो, आणि आत जायला पैसे पडत नाहीत. रॅम्पार्ट रोवर मोठमोठी मांडणशिल्पं उभी असतात. शेजारी पाटी असते. त्या पाटीवर स्मृती, अवकाश आणि विस्थापन यांचा आपापसात काहीतरी संवाद चाललेला असतो. डोंबिवलीहून सहकुटुंब आलेले गृहस्थ पाटीकडे पाठ करून शिल्पावर बोटाच्या पेराने टकटक करतात आणि निकाल देतात, "फायबर आहे." पोरगं विचारतं, "हे हलतं का?" बायको म्हणते, "पावसात काय करत असतील याचं?" गळ्यात ओळखपत्र घातलेला कॉलेजचा स्वयंसेवक धावत येतो, "काका, हात नका लावू प्लीज." पण वस्तू कशाची आहे, कशी उभी राहते आणि टिकणार किती, हे तीन प्रश्न शिल्पकाराने घडवताना स्वतःला विचारलेलेच असतात. स्मृती आणि अवकाश बहुधा पाटी लिहिताना आले असावेत.

स्टॉलच्या गल्लीत तर परीक्षक मंडळच फिरत असतं. भरतकामाची पिशवी हातात आली की आपल्याकडची बाई आधी ती उलटी करते. पुढची बाजू सगळेच चांगली करतात. मागे गाठी कशा मारल्यात, धागे कसे लपवलेत, यावर कारागिराची परीक्षा होते. चित्रांचीही मागची बाजू बघायची सोय असती तर कलासमीक्षेचे दिवस पालटले असते.

जवळच जहांगीर आर्ट गॅलरी आहे. १९५२ पासूनची. तिथे प्रदर्शनाची तारीख मिळायला चित्रकारांना वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ज्यांना थांबवत नाही ते बाहेर फुटपाथवर चित्रं मांडतात, आणि आत जाणारा प्रत्येक जण आधी त्यांच्यासमोरून जातो. आतल्या व्हरांड्यात १९६४ ते २०१५ कॅफे समोवार होतं. चित्रं बघायला म्हणून निघालेली कित्येक माणसं तिथे पराठ्यापाशीच अडकली. पण शहरातल्या चित्रकलेवरची अर्धीअधिक भांडणं त्या टेबलांवर झाली, त्यामुळे त्यांचं काही हुकलं असं म्हणवत नाही.

नोव्हेंबरातल्या आर्ट मुंबई या कलामेळ्याचं प्रकरण वेगळं. ते २०२३ मध्ये सुरू झालं, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. म्हणजे पुन्हा घोडाच! इथे तिकीट असतं, तंबू वातानुकूलित असतो आणि माणसं हळू आवाजात बोलतात. किंमत विचारायची तर त्याहून हळू. विकल्या गेलेल्या चित्राशेजारी लाल टिकली लागते आणि ती लागली रे लागली की त्या चित्रापुढची गर्दी वाढते. पैसे लावण्याची या मैदानाची परंपरा जुनी आहे. पळणाऱ्यावर लावायचे की टांगलेल्यावर, एवढाच फरक.

किंमत हाही एक स्वारच. तो चित्रावर चढून बसला की खालचं चित्र दिसेनासं होतं. पंढरपुरात जन्मलेल्या आणि मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरलेल्या चित्रकार हुसेन यांचं 'ग्रामयात्रा' हे चित्र मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ११८ कोटी रुपयांना गेलं. हेच चित्र १९५४ साली एका डॉक्टरांनी विकत घेतलं होतं आणि पुढे ते कित्येक वर्षं ओस्लोच्या इस्पितळात भिंतीवर होतं. तिथल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यात मुलं सांभाळणाऱ्या बाया आणि बैलगाडी दिसत असेल. आता आपल्याला ११८ कोटी दिसतात.

आर्ट मुंबईच्या त्या तंबूत मी एकदा आत्याला घेऊन गेलो. एका मोठ्या, जवळजवळ पांढऱ्या चित्रासमोर ती बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं, चित्र भिडलं. गॅलरीतली मुलगी लगबगीने आली आणि चित्रकाराची मौनाविषयीची भूमिका सांगू लागली. आत्याने तिला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाली, "चौकट सुरेख आहे गं. कोपरे बघ, सांधा दिसत नाही कुठे. सुतार कोण तुमचा?"

मी दुसऱ्या चित्राकडे सरकायच्या बेतात होतो. पण त्या मुलीचा चेहरा एकदम उजळला. सकाळपासून तिला सगळ्यांनी किंमत तरी विचारली होती, नाहीतर टॉयलेट तरी. मौन बाजूला ठेवून ती भडाभडा बोलायला लागली. लाकूड जुनं सागवान, पाडलेल्या इमारतीच्या तुळयांचं. पॉलिश हाताने केलेलं. सुतार असा हट्टी की आधी चित्र बघतो, मगच चौकटीची जाडी ठरवतो.

"म्हणजे चित्र खरं त्यानेच बघितलंय," आत्या म्हणाली.

मग ती पुन्हा चित्राकडे वळली. डाव्या कोपऱ्यात पांढऱ्याखाली फिकट निळा आहे, तो वर येता येता थांबलाय, हे तिनेच मला दाखवलं. मला तोवर सगळं पांढरंच दिसत होतं. चौकटीच्या वाटेने ती चित्रात शिरली होती. मी भूमिका ऐकून बाहेरच उभा होतो.

निघताना तिने सुताराचा नंबर मागून घेतला. माझ्या दिवंगत काकांचा, म्हणजे तिच्या यजमानांचा, फोटो आता त्याच्याकडे चौकटीला दिलाय. त्याने आधी फोटो नीट बघितला, "साहेब कडक होते का?" असं विचारलं आणि दीड महिन्यानंतरचा वायदा दिला. आत्या म्हणते, जहांगीरपेक्षा लवकर मिळाली तारीख.