पोपच्या बागेतली गुहा

गुहा बांधणं हा आम्हा तळवलीकरांचा पिढीजात नसला तरी मंडळजात धंदा आहे. गणपतीत आमच्या मंडपात अमरनाथ होऊन गेलं, वैष्णोदेवी झाली, एका वर्षी अजिंठाही झालं. त्यातली पद्मपाणीची मूर्ती पाहून एका पाहुण्याने ‘हे कोण आमदार?’ असं विचारल्याने तो विषय आम्ही पुन्हा काढला नाही. बांबूचा सांगाडा, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट, वाळलं की करडा रंग आणि कोपऱ्यांत हिरवा फवारा, म्हणजे शेवाळ. २०१८ साली थर्माकोलवर बंदी आली तेव्हा डेकोरेशनवाले हवालदिल झाले. आम्ही गोणपाटवाले मात्र ताठ मानेने वर्गणी मागत फिरलो.

गंमत अशी की आमच्या तळवली गावाच्या पूर्वेला, एमआयडीसीच्या मागे, पारसिकचा खराखुरा डोंगर आहे. खाणवाल्यांनी तो ठिकठिकाणी सुरुंग लावून फोडला, खडी नवी मुंबईच्या पायात गेली, आणि आम्ही दर भाद्रपदात डोंगर नव्याने शिवतो.

त्यामुळे युरोपच्या टूरमध्ये रोमला मोकळा दिवस मिळाला, आणि व्हॅटिकनच्या बागेत फ्रान्समधल्या लूर्दच्या, मेरीच्या गुहेची हुबेहूब नक्कल आहे असं समजलं, तेव्हा माझ्यातला कारागीर जागा झाला. हुबेहूब हा शब्द आमच्या धंद्यात जपून वापरतात.

सोबत आत्या होती. तिला कारागिरीत रस नव्हता, मेरीत होता. आम्ही आगरी, घरात खंडोबा आणि एकवीरा, पण आत्या दर सप्टेंबरात वांद्र्याला मोत मावलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला जाते. ८ सप्टेंबर हा मेरीचा जन्मदिवस. त्याच सुमारास माउंट मेरीच्या टेकडीवर आठवडाभर जत्रा भरते, आणि तिथल्या रांगेत कोळणी-आगरणी गजरे माळून उभ्या असतात. चर्चबाहेरच्या दुकानांत मेणाचे अवयव मिळतात. हात दुखतो तर हात, पोट दुखतं तर पोट. घर हवं असेल तर मेणाचं घर, मूल हवं असेल तर मेणाचं बाळ. आत्याचा गुडघा दुखतो. तेव्हा तिने वांद्र्याहून मेणाचा पाय आणला आणि तो माझ्या बॅगेत, माझ्या नकळत, माझ्या पायजम्यात गुंडाळून ठेवला.

एका विमानतळावर तो पडद्यावर दिसला. अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? मी म्हटलं, पाय. कुणाचा? मी आत्याकडे बोट केलं. त्याने वाकून आत्याचे दोन्ही पाय जागेवर असल्याची खात्री केली आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला बोलावलं. तो बहुधा कॅथलिक असावा. त्याने पाय हातात घेतला, मान डोलावली आणि मलाच उलट सांगितलं की नीट धर, उन्हात वितळेल.

बागेत एकट्याने शिरता येत नाही. आधी नोंदणी, मग गाईडच्या मागोमाग. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. हा नियम मी आत्याला मराठीत सांगितला तेव्हा ती खुदकन हसली. तिच्या आईचं लुगडं जन्मभर गुडघ्याच्या वर खोचलेलं होतं, कारण मिठागरात आणि भातखाचरात पोपचा नियम चालत नाही. आत्या स्वतः सहावारी नेसून आली होती, पदर दोन्ही खांद्यांवरून. रोमच्या चाळणीतून फक्त ती एकटीच पहिल्या झटक्यात पार झाली. गटातले हाफ पँटवाले दोन जावई दुकानात धावले.

गाईड उंच, चाळिशीची, हातात छत्री. तिने सांगितलं की १२७९ साली तिसऱ्या निकोलस पोपने इथे फळबाग आणि हिरवळ करवली, तेव्हापासून ही बाग आहे. आज ती सुमारे २३ हेक्टर, म्हणजे अख्ख्या देशाच्या निम्मी. देशाची निम्मी जमीन झाडांना! आमच्याकडे हे कुणी बोलून दाखवलं असतं तर त्याला गेलेल्या जमिनीच्या बदल्यातला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला नसता. कारंजी, पाइन, कापून केलेली हेज, सगळं इतकं शिस्तीत की पान गळताना परवानगी घेत असावं. आत्या मात्र थांबून थांबून गुडघा चोळत होती आणि ‘हे माली पगारी का पावसाली?’ असं विचारत होती.

आणि मग चढावर ती गुहा आली.

मी आधी तिच्या कडेला गेलो. सवय. बोटाने टिचकी मारली. सिमेंट. झकास काम! खडकाचे पापुद्रे, ओघळ, वेलींना पाय रोवायला फटी. फ्रान्सच्या भाविकांनी तेराव्या लिओ पोपला ही भेट दिली. काम पुरं होण्याआधी १९०३ मध्ये लिओ वारला आणि १९०५ मध्ये दहाव्या पायसच्या हस्ते उद्‌घाटन झालं. अध्यक्ष बदलला तरी डेकोरेशन अडकलं नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. आमच्याकडे खजिनदार बदलला तरी बांबू घरी जातो.

मूळ गुहा लूर्दला, मासाबिएलच्या खडकात. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी बर्नाडेट सुबिरू नावाची चौदा वर्षांची पोर सरपण गोळा करायला गेली आणि तिला तिथे एक बाई दिसली. हे मी आत्याला सांगितलं, तशी ती बसायच्या कठड्यावरून उठली.

‘सरपानाला? म्हंजे आमच्यासारखी?’

आत्या लहानपणी पारसिकच्या डोंगरात मोळी आणायला जायची. तिला तिथे खाणीचा मुकादम दिसायचा. मी पुढे सांगितलं की पोर दिवाळखोर झालेल्या पिठाच्या गिरणीवाल्याची, फ्रेंच तिला धड येत नव्हतं, आणि ती बाई तिच्याशी तिच्याच गावठी बोलीत बोलली. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये नाही.

‘मंग माझी आगरी पन कलंल,’ आत्या म्हणाली आणि हात जोडून सुरूच झाली. गुडघा, सून, रखडलेला प्लॉट, सगळं. गटातले बाकीचे रांगेने फोटो काढत होते. त्यांना वाटलं प्रार्थना चालू आहे. मला कळत होतं की अर्धी तक्रार माझ्याविरुद्ध होती.

तोवर मी कोनाड्यातल्या मूर्तीकडे पाहिलं. पांढरी वस्त्रं, निळा पट्टा, जोडलेले हात. लूर्दची मूळ मूर्ती लियाँच्या फाबिश नावाच्या शिल्पकाराने करारा संगमरवरात घडवली आणि ती १८६४ मध्ये बसवली. बर्नाडेटने ती पाहिली आणि तिला ती पसंत पडली नाही. मला दिसलेली ही नव्हे, असं तिचं म्हणणं. बिचारा फाबिश. ज्याने प्रत्यक्ष पाहिलंय असं गिऱ्हाईक कुठल्याही मूर्तिकाराच्या नशिबी येऊ नये. तरी मूर्ती तिथेच राहिली, आणि जगभर जिथे जिथे सिमेंटची लूर्द उभी राहिली तिथे तिथे नापसंत मूर्तीच्याच नकला गेल्या.

गाईडने सांगितलं की २०१३ साली पद सोडल्यावर सोळावे बेनेडिक्ट इथेच जवळ राहत आणि हातात जपमाळ घेऊन फिरत फिरत या गुहेपाशी येत. दर ३१ मेला संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन मिरवणूकही इथेच येऊन थांबते.

मेणबत्ती हा शब्द येताच आत्याने पिशवीतून पाय काढला.

गाईडने हसून पण ठामपणे सांगितलं की बागेत काहीही ठेवायचं नाही. मी दुभाष्या. आत्याने विचारलं, कुणाला द्यायचा तर? गाईड म्हणाली, कुणालाच नाही. मग सहज पुढे म्हणाली की रोज या चढांवरून गट घेऊन फिरायचं म्हणजे तिचाच गुडघा गेलाय, त्यामुळे तिला समजतं.

हे भाषांतर करायला नको होतं. आत्याने तो पाय तिच्या हातात कोंबला. गाईड लाजली, मग पाय उलटसुलट करून पाहू लागली. माझा डावा दुखतो, ती म्हणाली, हा उजवा वाटतो.

‘धर गो बाय,’ आत्या म्हणाली, ‘मावली काय मापं घेत बसत नाय. आनि त्याला जास्त दाबू नको, अंगठा मोडंल.’