जपानी हत्तीच्या साखळ्या

यवतमाळ जिल्ह्यात चार चाकांची मालवाहू गाडी साडेबारा फुटांच्या आसपास असली की तिचं बारसं आधीच झालेलं असतं. नाव छोटा हत्ती. २००५ साली टाटांनी पाऊण टनाची 'एस' काढली, लोकांनी तिला हत्ती म्हटलं, आणि त्यानंतर दुसऱ्या कुठल्याही कंपनीने कितीही खर्च करून गाडीचं नाव ठेवलं तरी दत्त चौकात ती हत्तीच राहिली. माझ्या मामांना हे मंजूर नाही. त्यांनी जुनी सुपर कॅरी घेतली, तिच्यावर सुझुकीचा 'S' आहे, आणि तो ते रोज फडक्याने पुसतात.

"हे हत्ती नाई बाप्पा, जपानी हाये," मामा शेजाऱ्याला म्हणाले.

"बरं," शेजारी म्हणाला, "जपानी हत्ती."

घराणं मात्र खरंच जपानी आहे. सुझुकीने 'कॅरी' १९६१ मध्ये काढली. तिचीच एक शाखा १९८४ साली मारुती व्हॅन होऊन इकडे आली, पुढे ओम्नी झाली आणि २०१९ पर्यंत निघत राहिली. अर्ध्या महाराष्ट्राची पोरं तिच्यात कोंबून शाळेत गेली. ट्रकच्या रूपात ती २०१६ मध्ये परतली. मधल्या काळात टोयोटा, निसान, माझदा, मित्सुबिशी या चौघांनीही भारतात भागीदार शोधून हलके ट्रक आणले होते. टाटांनी १९८६ साली ४०७ काढला आणि त्या चौघांना घाम फोडला. पण तो वेगळा विषय, आणि मामांसमोर काढायचा नसतो.

जपानात या गाडीला कायद्याने माप घालून दिलंय: लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर, इंजिन ६६० सीसी, आणि पाठीवर साडेतीनशे किलो. भारतात येताना लांबी ३.८ मीटर झाली आणि पाठीवरचं वजन ७४० किलो. यवतमाळात आल्यावर ७४० हा आकडा सुरुवात म्हणून धरतात.

तर फाळका. या जातीच्या गाडीचा मागचा फाळका खिट्ट्या काढल्या की सरळ खाली लोंबतो आणि मागच्या नंबराच्या पाटीवर पदर घेतो. जपानी शेतकरी त्याला दोन बाजूंनी दोन साखळ्या लावतात, म्हणजे फाळका अधांतरी आडवा राहतो आणि त्यावर माल ठेवून आत सरकवता येतो. रंगाला ओरखडे पडू नयेत म्हणून साखळीवर प्लॅस्टिकची नळीही चढवतात. हे सगळं मामांनी मोबाइलवर पाहिलं, रात्रभर पाहिलं, आणि सकाळी मला उठवलं.

"बापू, साखयी लावाची हाये."

"कायले, मामा?"

"दारव्ह्याहून बाक आणाचं हाये. आबाचं."

आजोबांचं सागवानी बाक आठ फुटी. गाडीचा हौदा २१८३ मिलिमीटर, म्हणजे सात फूट दोन इंच. दहा इंच बाक बाहेर. त्या दहा इंचांसाठी मामांनी गोठ्यातून बैलाची साखळी काढली. बैल विकून जमाना झाला होता, साखळी मात्र वारसा म्हणून जपलेली.

मिस्त्रीने ती हातात घेतली, एका कडीत बोट घातलं आणि कडी दाखवली. जोड उघडा. बैलाच्या साखळीच्या कड्या नुसत्या वळवलेल्या, वेल्डिंग नाही. "बैल समजदार रायते भाऊ," मिस्त्री म्हणाला, "थो जोर लावत नाई. माल लावते." मग हार्डवेअरच्या दुकानातून सहा मिलिमीटरची, प्रत्येक कडी जोडलेली साखळी आली. साखळी किलोवर मिळते, त्यामुळे मामांनी काट्याकडे सोनाराच्या दुकानातल्यासारखं पाहिलं.

पुढचा वाद कडीच्या जागेचा. मामांचं म्हणणं, बाजूच्या खांबावर कडी खालीच ठोका, साखळी कमी लागते. मिस्त्रीचं म्हणणं, वर. "जितकी आडवी, तितकी वढ," एवढंच तो म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. हिशेब मी कागदावर केला. फाळक्याच्या टोकावर दोन क्विंटल आलं तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला एक क्विंटल. कडी फाळक्याच्या उंचीइतकी वर असेल तर साखळी ४५ अंशांत बसते आणि तिच्यावर ताण येतो १४१ किलोंचा. तीच कडी निम्म्या उंचीवर आणली तर ताण २२४. चार-पाच इंच साखळी वाचवायला प्रत्येक बाजूला ऐंशी किलोंचं लोढणं. मामांनी कागद बघितला, उलटा करून बघितला, आणि म्हणाले, "वरच ठोक."

मिस्त्रीची खरी काळजी साखळीची नव्हतीच. "साखयी तुटत नाई. जिथं लावली थो पत्रा फाटते." म्हणून त्याने पत्र्याच्या मागून बोटभर जाडीची लोखंडी पट्टी दिली, मोठे वायसर घातले, दुहेरी नट आवळले. नळीच्या जागी सायकलची जुनी ट्यूब चढवली. जपानी माणसाने पाहिलं असतं तर वही काढून टिपून घेतलं असतं.

मे महिना. भर अकराला आम्ही लोहाऱ्याकडून दारव्हा रोडला लागलो. गाडी रिकामी, तरी फाळका आडवा. दागिना केला की लोकांना दिसायला नको का? या रस्त्याच्या सोबतीला शकुंतला आगगाडीचा रूळ होता. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी नॅरोगेज, १९०३ ची, किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने घातलेली. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना पोचवायला. कापूस मँचेस्टरला गेला आणि १९२१ साली बांधलेलं इंजिन मँचेस्टरहून आलं. ते १९९४ पर्यंत राबलं, मग डिझेलचं आलं, आणि आता गाडीच बंद आहे. रुळांची रुंदी ७६२ मिलिमीटर. मामांच्या हौद्याची १४८८. "आपली गाडी आगगाडीच्या दुप्पट हाये," हा निष्कर्ष मामांनी लाडखेडपर्यंत अनेकांना गाडी थांबवून सांगितला.

थांबवायचं काम एकदा वाहतूक पोलिसानेही केलं.

"माल कुठं हाये?"

"माल नाई साहेब. साखयी हाये."

त्याने मागे जाऊन पाहिलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४(१अ) प्रमाणे माल गाडीच्या बाहेर डोकावला तर वीस हजार रुपये दंड, वर माल उतरवायचा खर्च वेगळा. पण मालच नाही, नुसता फाळका बाहेर. फाळका म्हणजे माल की गाडी, यावर दोघांचं बराच वेळ चाललं. मामा म्हणाले गाडी, कारण तो नटबोल्टने लावलाय. साहेब म्हणाले, मग बंद ठेवा, मागून फटफटीवाला येऊन आदळला तर त्याला काय नटबोल्ट दाखवाल? याला मामांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी विषय मजबुतीवर नेला. "बसून पाहा साहेब." साहेब बसले. भारदस्त गृहस्थ, फाळका तसूभर हलला नाही. समोरच्या टपरीवरून चहा आला. साहेब पाय हलवत चहा प्याले, उतरले, आणि फाळका स्वतःच्या हाताने बंद करून खिट्ट्या लावल्या.

दारव्ह्याला पोचेपर्यंत फाळका बंद होता. वाड्यासमोर मामांनी तो पुन्हा आडवा केला, आणि गल्लीला कळलं की यवतमाळला जाणाऱ्या गाडीत जास्तीची जागा आहे. बाक अजून ओसरीतच होतं. तेवढ्यात फाळक्यावर एक कूलर आला. कूलरला सोबत म्हणून दोन बरण्या लोणचं, यवतमाळात शिकणाऱ्या कुणाच्या तरी पोरीसाठी. मग गव्हाचं पोतं. मग एक आजोबा येऊन बसले. त्यांना डोळे तपासायला जायचं होतं, आणि केबिनमध्ये घुसमटतं म्हणाले. साखळ्यांच्या आधी या गल्लीत कुणाला यवतमाळचं काम नव्हतं. ही साखळीची खोड आहे: ती वजन पेलते त्याहून जास्त वजन बोलावते.

मामा खूश होते. प्रत्येक वस्तू ठेवली की साखळीवर टिचकी मारायचे. पण बाक आणलं आणि पंचाईत झाली. बाक आत, त्याचे दहा इंच फाळक्यावर, आणि फाळक्यावर आधीच निम्मी गल्ली. शिवाय वीस हजार. मामा दंडाला वस्तूंनी भागायला लागले.

पलीकडच्या ओट्यावर एक म्हातारी तूर निवडत बसली होती. बराच वेळ हे बघून तिने सूप खाली ठेवलं.

"तिरपं ठेवा न बाप्पा. तंगड्या वर करा, पुढचं टोक केबिनीवर टेकवा, अन् फायका लावून घ्या."

सगळे गप्प. आठवीच्या भूमितीत मी हेच शिकलो होतो: आठ फुटांचं बाक सात फूट दोन इंचांत बसवायचं तर एक टोक साडेतीन फूट वर जायला हवं. केबिनच्या मागची चौकट साधारण तेवढीच. बाक उलटं करून तिरपं ठेवलं. बसलं. फाळका मिटला, खिट्ट्या लागल्या, दोन्ही साखळ्या ट्यूबसकट आत लोंबत राहिल्या.

"मग साखयी कायले?" कुणीतरी विचारलं. मामांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

खरं तर उपयोग झाला, आणि तो पुरेसा होता. गव्हाचं पोतं आधी फाळक्यावर टेकवून मग आत लोटलं, कुणाची कंबर धरली नाही. कूलर एकट्याने चढवता आला. उतरवतानाही तसंच. आजोबा शेवटी केबिनमध्ये बसले आणि यवतमाळपर्यंत घुसमटल्याची तक्रार करत आले. बोरी अरबला चहासाठी थांबलो तेव्हा फाळका पुन्हा आडवा झाला, त्यावर तर्री पोह्यांच्या बश्या मांडल्या गेल्या, आणि एका अनोळखी बैलबंडीवाल्याने साखळी ओढून बघत भाव विचारला. मामांनी त्याला १४१ किलोंचा हिशेब पाठ म्हणून दाखवला, स्वतःचा म्हणून.

तेव्हा साखळ्या जरूर लावा. सहा मिलिमीटरची, जोडलेल्या कड्यांची घ्या, कडी वर ठोका, पत्र्यामागे पट्टी द्या, ट्यूब चढवा. गाडी उभी असताना फाळका आडवा, निघताना बंद. मामा मात्र दारव्हा रोडला अजूनही तो उघडाच ठेवून फिरतात, त्यामुळे पांढऱ्या रंगाच्या जपानी हत्तीच्या मागे आलात तर दोन गाड्यांचं अंतर ठेवा.