सगळेच कसे ‘कसेबसे’?

गेल्या आठवड्यात एका इंग्रजी कादंबरीच्या मराठी अनुवादाचं हस्तलिखित वाचायला आलं. दुसऱ्या महायुद्धातलं लंडन आणि रेशनवर चाललेलं एक घर. त्या घरातली आई चहा ‘कसाबसा’ पुरवते, धाकटा मुलगा ‘कसाबसा’ कोळसा मिळवतो, काका पेट्रोल ‘कसंबसं’ मिळवतात आणि मुलगी ‘कशीबशी’ पास होते. चाळीस पानांत सतरा कसेबसे मोजल्यावर मी मूळ पुस्तक काढून बघितलं. तिथे चार माणसांना चार वेगळी क्रियापदं होती. मराठीत येताना त्या चौघांचा एकच माणूस झाला होता, दीनवाणा.

आई करते ते ‘ईक आउट’. जुन्या इंग्रजीत या ‘ईक’चा अर्थ होता वाढवणं. ‘निकनेम’मध्ये तोच दडलाय. ‘ॲन ईकनेम’ म्हणजे असलेल्या नावाला जोडलेलं आणखी एक नाव. बोलताबोलता आधीचा ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला. म्हणजे या क्रियापदात मुळात रडगाणं नाही, भर घालणं आहे. ब्रिटनमध्ये जुलै १९४० पासून चहा रेशनवर आला, माणशी आठवड्याला २ औंस, सुमारे ५७ ग्रॅम. कादंबरीतली आई कालच्या पत्तीवर आज अर्धा चमचा नवी पत्ती घालते आणि किटली जरा जास्त वेळ झाकून ठेवते. आपल्याकडे ऐन जेवणाच्या वेळी पाहुणे आले, की स्वयंपाकघरात दबक्या आवाजात सांगतात, ‘आमटी वाढव गं.’ मग तांब्याभर पाणी, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, मीठ आणि परत एक उकळी. पानावर बसलेल्याला पत्ता लागत नाही. अगदी तेच हे ‘ईक’! नवऱ्याच्या पगाराला शिवणकामाची जोड देणारी बाईही तेच करते. तिचा संसार ‘कसाबसा चालतो’ असं लिहिलं, की तिचं शिवणयंत्रच वाक्यातून गायब होतं. तो चालत नाही, ती चालवते.

मुलीचं सोपं आहे. ‘स्क्रेप’ म्हणजे खरवडणं, घासणं. ती काठावर पास झाली. निवडणुकीतली जागा आपण ‘घासून आली’ म्हणतो, मग परीक्षेतच शब्द का आटावेत?

खरी गंमत मुलगा आणि काका यांच्यात आहे. गंमत कसली, अन्याय आहे तो. मुलगा ‘स्क्राउंज’ करतो, काका ‘वँगल’ करतात. ‘स्क्राउंज’ हा बोलीतला शब्द पहिल्या महायुद्धात ब्रिटिश शिपायांच्या तोंडी रुळला. पडलेली फळी, बेवारस डबा, दुसऱ्या तुकडीचं सरपण, जे हाताला लागेल ते आणायचं. त्याला ते चोरी म्हणत नसत आणि ज्याला हे जमे तो तुकडीचा लाडका असे. ‘वँगल’ ही छापखान्यातली बोली, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. गोड बोलून, ओळख काढून, नियमाला जरा बाक देऊन काम साधायचं. दोघंही हक्काबाहेरचंच मिळवतात. पण पुढे काय झालं बघा. १९७० च्या दशकात ब्रिटिश वर्तमानपत्रांनी सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या बेकारांना ‘स्क्राउंजर’ म्हणून झोडपायला सुरुवात केली. खंदकातल्या शिपायाचं कौतुक करणारा शब्द त्याच्याच थरातल्या माणसाला शिवी म्हणून परत आला. ओळखीवर पेट्रोल मिळवणाऱ्या काकांवर असा शिक्का बसत नाही. त्यांची ती हुशारीच राहते.

हे सगळं क्रियापदात असतं. कुणी किती खटपट केली आणि बघणाऱ्याच्या मनात त्या माणसाची किंमत काय, दोन्ही. ‘कसेबसे’ लिहिणारा अनुवादक यातलं काहीच पोचवत नाही, आणि याला मराठीचं दारिद्र्य म्हणायची तर सोयच नाही. भागवणं, निभावणं, तगणं, रेटणं, उकळणं, लाटणं, मोट बांधणं, पदरात पाडून घेणं... अडल्यानडल्याचा संसार करत आलेल्या माणसांची ही भाषा आहे, तिच्याकडे या खात्यात शिल्लक भरपूर आहे.

मी अनुवादकबाईंना फोन केला. आईचा चहा त्यांनी लगेच ‘वाढवला’. काकांनी पेट्रोल ‘गोड बोलून उकळलं’, तेही ठरलं. पोराच्या कोळशाशी मात्र दोघंही अडलो. ‘उचलला’ म्हटलं तर तो चोर ठरतो, ‘मिळवला’ म्हटलं तर रांगेत उभा राहून आणल्यासारखा वाटतो. बाई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्या आजीकडे कुणी अवेळी नारळ आणला, तर ती विचारायची, कुठून पैदा केलास रे?”

पैदा केला. मी पेन्सिल उचलली आणि समासात लिहून टाकलं.